शेपूट झडलेलं क्रियापद

वाघ आला. बातमी दोन शब्दांत संपली. त्यातलं 'आला' हे दोन अक्षरांचं क्रियापद बरंच काही सांगून जातं. येणं घडून गेलेलं आहे. येणारा एकच आहे. तो व्याकरणाच्या हिशेबाने पुरुष आहे, आणि तो म्हणजे मी नव्हे की तू नव्हे. वाघीण असती तर 'आली', पिल्लू असतं तर 'आलं', दोघं असते तर 'आले'. मराठी माणसाला यात काही विशेष वाटत नाही. हे क्रियापद पाठ करायला बसावं लागतं ते परक्यालाच.

उदाहरणाला वाघ घेतला, कारण हे प्रकरण अणशीपासून सुरू करायचं आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातला जोयडा तालुका, म्हणजे पूर्वीचा सुपा. जोयड्याहून कुंभारवाड्यावरून कारवारकडे निघालं की घाट सुरू होण्याआधी अणशी लागतं, आणि घाट उतरला की कद्रा. 1987 साली इथलं जंगल राष्ट्रीय उद्यान झालं, 2007मध्ये दांडेलीसह ते व्याघ्र प्रकल्पात गेलं, आणि 2015पासून त्या प्रकल्पाला काळी नदीचं नाव आहे. पश्चिमेला थोडं सरकलं की गोवा. हा जिल्हा 1862 साली मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि 1956 साली भाषावार प्रांतरचनेत म्हैसूर राज्यात गेला. इथे घरात, विशेषतः कुणबी घरात, कोंकणी. शाळेत आणि कचेरीत कन्नड. मराठी जुन्या पिढीच्या शिक्षणातून, भजनांतून आणि हल्ली टीव्हीतून. आणि या सगळ्यांच्या वर इंग्रजी, पाठ्यपुस्तकातून उतरणारी.

तर वाघाची बातमी इथे चार भाषांत फिरू शकते. कोंकणीत 'वाग आयलो', वाघीण असेल तर 'वागीण आयली'. ही जोडी मराठीच्या चुलतघरचीच. कन्नडमध्ये मात्र 'हुलि बंतु', आणि हे 'बंतु' वाघ असो, वाघीण असो, पाऊस असो की बस, तसंच राहतं. कन्नड लिंग ठरवते ते माणसांपुरतं: पुरुष आला 'बंदनु', बाई आली 'बंदळु', बाकी चराचर सृष्टी नपुंसक. इंग्रजीत 'द टायगर केम'. वाघ, वाघीण, मी, तू, ते, आम्ही, पाऊस, बस, सगळ्यांना 'केम'.

आता समजा, वाघ सांगणाऱ्याने स्वतः पाहिलेला नाही, कुणाकडून तरी ऐकलंय. मराठी म्हणेल 'वाघ आला म्हणे'. कोंकणी म्हणेल 'वाग आयलो खंय'. कन्नडमध्ये क्रियापदालाच शेपूट जोडलं जाईल: 'हुलि बंतंते'. तिन्ही भाषांना ऐकीव गोष्ट आणि डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट वेगळी ठेवायची सवय आहे. तुर्की भाषेत तर ही सक्ती आहे. तिथे पाहिलेलं येणं 'गेल्दी' आणि ऐकलेलं किंवा मागाहून कळलेलं येणं 'गेल्मिश'. भूतकाळ वापरायचा तर दोन्हींतलं एक निवडल्यावाचून सुटका नाही. इंग्रजीकडे यासाठी क्रियापदाचं रूप नाही. तिला 'दे से' किंवा 'अपॅरंटली' असं वेगळं काही आणून बसवावं लागतं.

इंग्रजी अवघड, असं आपल्याकडे मानलं जातं ते का, हा प्रश्न इथूनच उभा राहतो. निदान क्रियापदाच्या रूपांवर मोजलं तर ती जगातल्या हलक्या भाषांपैकी आहे. साध्या क्रियापदाची रूपं चार: वॉक, वॉक्स, वॉक्ड, वॉकिंग. अनियमित असेल तर पाच: गो, गोज, वेंट, गॉन, गोइंग. सगळ्यांत भारी क्रियापद 'बी', त्याची आठ. खेळ तिथेच संपला.

याच्या शेजारी एकटा 'वेंट' ठेवून मराठीत मोजा. गेलो, गेले, गेलास, गेलीस, गेला, गेली, गेलं, गेलात, गेल्या. एका काळाची नऊ वेगळी रूपं, आणि त्यातली 'गेलो', 'गेले', 'गेली' दोन-दोन जागी राबतात. लेखी कन्नडमध्ये मोजा: होदेनु, होदे, होदनु, होदळु, होयितु, होदेवु, होदिरि, होदरु, होदवु. तीही नऊच. आकडा सारखा निघाला हा निव्वळ योगायोग, कारण हिशेब वेगळा आहे. मराठी 'मी' म्हणणारी व्यक्ती बाई की बाप्या हे 'गेले-गेलो'त सांगून टाकते. कन्नड 'मी'ला लिंग नसतं. उलट कन्नड 'आम्ही गेलो' आणि 'मी गेलो' वेगळं ठेवते, मराठी दोन्हींना 'गेलो' म्हणते. वर्तमानकाळात कोंकणी या बाबतीत कन्नडच्या बाजूला उभी राहते. मराठीत नवरा 'जातो' आणि बायको 'जाते', कोंकणीत दोघंही 'हांव वतां'. (कोंकणी रूपं मी गोव्यातल्या लेखी वळणाने देतो आहे, घाट चढताना उच्चार सरकतात.)

रूपांच्या संख्येची शर्यत लावायची तर आपल्या तिन्ही भाषा मधल्या रांगेतल्या. संस्कृतात दहा लकार, म्हणजे काळ आणि अर्थ यांचे संच, प्रत्येकात तीन पुरुष आणि तीन वचनं मिळून नऊ रूपं, त्यात परस्मैपद-आत्मनेपद हा भेद वेगळा. दागिस्तानच्या डोंगरात सुमारे बाराशे लोक बोलतात ती आर्ची नावाची भाषा. रशियन भाषावैज्ञानिक अलेक्सांद्र किब्रिक यांनी तिथल्या एका क्रियापदाची तत्त्वतः शक्य असलेली रूपं मोजली, ती निघाली 15,02,839. ती सगळी कुणी आयुष्यात उच्चारत नसणार, पण हवी तेव्हा बनवता येतात. दुसऱ्या टोकाला चिनी. तिथे 'लाय' म्हणजे येणं. मी, तू, काल, उद्या, एक, हजार, 'लाय' तसाच. काम झालं हे दाखवायला मागे एक छोटासा 'ल' येतो आणि बाकी संदर्भ सांभाळून घेतो. चिनी माणसांचं त्यावाचून काही अडलेलं दिसत नाही.

पण नुसती रूपं मोजून क्रियापदाची खरी गंमत कळत नाही. ती कळायला आंबा खावा लागतो.

'मी आंबा खाल्ला.' 'मी चिंच खाल्ली.' 'मी केळं खाल्लं.' खाणारा मी एकच, आणि क्रियापद वळतंय ते खाल्लेल्या वस्तूकडे बघून. आई आणि मुलगा दोघंही 'आंबा खाल्ला' असंच म्हणणार. वर्तमानात मात्र आई 'खाते', मुलगा 'खातो'. म्हणजे चालू काळात क्रियापद कर्त्याचं ऐकतं, आणि काम उरकलं की कर्माच्या पक्षात जातं. कोंकणीतही तेच: 'हांवें आंबो खालो, चिंच खाली, केळें खालें.' कन्नडमध्ये असा पक्षबदल नाही. 'नानु तिंदेनु', 'अवळु तिंदळु', खाल्लं काय याच्याशी क्रियापदाला कर्तव्य नाही. धारवाड-बेळगावकडचा कन्नड माणूस उत्तम मराठी बोलता बोलता 'मी चिंच खाल्लो' म्हणतो तेव्हा हसू नये. तो कन्नडचा नियम प्रामाणिकपणे पाळत असतो.

आता 'तू' घ्या. 'तू आंबा खाल्लास.' 'तू चिंच खाल्लीस.' 'तू केळं खाल्लंस.' 'खाल्लीस'मधला 'ली' चिंचेसाठी आणि 'स' तुझ्यासाठी. एकच क्रियापद एकाच वेळी कर्म आणि कर्ता या दोघांना मुजरा करतं. अनेकवचनात 'तुम्ही चिंचा खाल्ल्यात': 'ल्या' चिंचांचा, 'त' तुमचा. आपल्या ओळखीच्या बऱ्याच भाषा या दोघांपैकी एकालाच धरून राहतात. दोघांना धरणाऱ्यांत बास्कसारखी भाषा येते, जी घेणाऱ्यालाही तिसरा म्हणून ओढून आणते. पण तिचं नाव काढलं की लोक कौतुकाने भुवया उंचावतात, आणि 'खाल्लीस' आपण डबा उघडा टाकणाऱ्या पोराला दरडावताना फेकून देतो. शहरी बोलण्यात हा 'स' आता गळू लागलाय हेही खरं. 'तू आंबा खाल्ला का?' सर्रास ऐकू येतं. मला ते कानाला उघडं वाटतं, पण भाषेला माझा कान विचारायचं कारण नाही.

त्यातही फाटे आहेत. 'तो इंग्रजी शिकला', 'शिकली' नव्हे. 'मी धडा विसरलो', 'विसरला' नव्हे. शिकणं, विसरणं, समजणं, बोलणं ही क्रियापदं कर्म असूनही भूतकाळात कर्त्यालाच धरून राहतात. मोरो केशव दामल्यांनी 1911च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त हे सगळं खटलं निस्तरायला किती पानं खर्ची घातली ते पाहिलं की मराठी मूल चार वर्षांचं होईतो हे न शिकवता शिकतं, याचं नवल वाटतं.

हा पक्षबदल आला कुठून? इथे एक जुनी पडझड आहे. संस्कृतात भूतकाळाचे तीन-तीन लकार होते: लङ्, लुङ् आणि लिट्. प्राकृतांच्या काळात ते जवळजवळ सगळे ढासळले. लोक त्याऐवजी कृदन्तावर भागवू लागले: 'तेन आम्रः खादितः', म्हणजे त्याच्याकडून आंबा खाल्ला गेला. या रचनेत 'खादितः' आंब्याचं विशेषण आहे, म्हणून ते आंब्याप्रमाणे चालणार हे ओघानेच आलं. कर्मणी भाव पुढे विसरला गेला, आंब्याशी जुळवून घेण्याची सवय तेवढी राहिली. 'गतः'चं 'गेला' झालं तेही याच वाटेने. जुना वर्तमानकाळसुद्धा जागेवरून हलला. ज्ञानेश्वरीच्या मराठीत 'करी' म्हणजे 'करतो'. आज 'तो रोज येई' म्हटलं की जुन्या सवयीची आठवण ऐकू येते, आणि त्याच 'येई'ला 'ल' लागून 'येईल' झालं की भविष्य. एकेकाळचा वर्तमानकाळ भूत आणि भविष्य अशा दोन घरी नोकरीला गेला, आणि रिकाम्या जागी 'करत' या कृदन्तातून 'करतो' आला. म्हणजे मराठीनेही एकदा शेपूट गमावलं होतं. फरक एवढाच की तिने नवं वाढवलं.

इंग्रजीने गमावलं आणि फारसं वाढवलं नाही. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत गाणं या क्रियापदाला मी, तू, तो यांसाठी तीन वेगळे प्रत्यय होते, आम्ही-तुम्ही-ते यांसाठी चौथा, भूतकाळात एकवचन-अनेकवचनाला स्वरही वेगळा. मग उत्तर इंग्लंडात नॉर्स बोलणारे लोक येऊन वसले. दोन्ही भाषांचे धातू बरेचसे सारखे, प्रत्यय वेगळे. शेजाऱ्याशी घोड्याचा सौदा करताना धातू पोचला की काम होतं, प्रत्यय दोघांनीही गिळला तरी चालतं. 1066नंतर दरबाराची भाषा नॉर्मन फ्रेंच झाली आणि इंग्रजीला प्रमाणरूपात धरून ठेवणारी लेखणीही बराच काळ सैल पडली. तरी सोळाव्या शतकापर्यंत 'दाऊ गोएस्ट' आणि 'ही गोएथ' शिल्लक होते.

ही शेवटची शेपटं तोंडात घेऊनच एक इंग्रज 24 ऑक्टोबर 1579 रोजी गोव्यात उतरला. थॉमस स्टीफन्स, विल्टशायरचा, जेझुइट. मराठी वाचक त्याला 'ख्रिस्तपुराणा'मुळे ओळखतो. ते पुराण राचोलला 1616 साली छापलं गेलं. त्याचं दुसरं काम कमी वाचलं जातं: कोंकणीचं व्याकरण. ते त्याच्या मृत्यूनंतर, 1640 साली राचोललाच छापून निघालं, आणि आधुनिक भारतीय भाषेचं पहिलं छापील व्याकरण म्हणून ते ओळखलं जातं. अणशीच्या घाटाखाली, सीमेपलीकडच्या गोव्यातल्या साष्टीत हे घडलं. प्रत्यय गळायला लागलेल्या भाषेचा माणूस प्रत्ययांनी लगडलेल्या भाषेची रूपं पोर्तुगीजमधून, लॅटिन व्याकरणाच्या चौकटीत लावत होता. 1583 साली भावाला धाडलेल्या पत्रात त्याने इथल्या भाषांची ठेवण ग्रीक-लॅटिनसारखी असल्याचं लिहून ठेवलं आहे. संस्कृतचं ग्रीक-लॅटिनशी नातं सांगणाऱ्या विल्यम जोन्सच्या सुप्रसिद्ध भाषणाच्या दोनशे वर्षं आधी.

स्टीफन्स गोव्यात पोचला त्याच सुमारास इंग्लंडातल्या नॉर्विच शहरात एक वेगळी गोष्ट चालली होती. नेदरलँड्समधल्या धार्मिक छळातून पळून आलेले विणकर तिथे वसले होते, आणि त्या काळात शहराच्या वस्तीत त्यांचं प्रमाण सुमारे एक तृतीयांश होतं. त्या भागातल्या बोलीत आजही 'ही गोज'ऐवजी 'ही गो' म्हणतात. पीटर ट्रडगिल या भाषावैज्ञानिकाचा तर्क असा की इंग्रजीतला तो उरलासुरला 'स' या निर्वासितांच्या तोंडी टिकला नाही आणि मग शहराच्याही तोंडून गेला. तर्क मला पटतो. कारण तो 'स' मुळातच विचित्र आहे. भाषांमध्ये सहसा तृतीयपुरुषी एकवचन बोडकं असतं आणि 'मी-तू'ला प्रत्यय लागतात. इंग्रजीने सगळ्यांना बोडकं केलं आणि प्रत्यय ठेवला तो नेमका तृतीयपुरुषाला. आपल्या शाळांमध्ये वह्यांवर लाल शाईचे जेवढे फटकारे ओढले गेले असतील, त्यातला मोठा वाटा या एका अक्षराचा आहे.

यातून एक मोठा सिद्धान्त निघाला. गॅरी लुप्यान आणि रिक डेल यांनी 2010 साली दोन हजारांहून जास्त भाषांची तुलना करून दाखवलं की बोलणारे जास्त, पसारा मोठा, तशी रूपांची गर्दी कमी. बोलणारे थोडे, एका खोऱ्यातले, तशी रूपं दाट. कारण असं सुचवलं की पसरणारी भाषा मोठ्या वयाचे परके लोक शिकतात, आणि प्रौढ माणसाला प्रत्यय झेपत नाहीत. लहान मुलांना झेपतात.

अणशी या सिद्धान्तात कशी बसते? वरवर पाहता बसू नये. तीन-चार भाषांची वर्दळ असलेल्या जागी प्रत्यय झिजून सपाट व्हायला हवेत. पण कोंकणी, मराठी आणि कन्नड शेकडो वर्षं एकमेकींच्या अंगणात असूनही तिघींची रूपं शाबूत आहेत. मला वाटतं, याचं उत्तर वर्दळीच्या वयात आहे. इथे दुसरी भाषा शिकायला मूल तिशी गाठत नाही. ते प्रत्यय गिळायच्या वयात दोन-दोन भाषांचे प्रत्यय गिळतं. अशा ठिकाणी भाषा झिजत नाहीत. त्या एकमेकींसारख्या व्हायला लागतात.

याचा सगळ्यांत नावाजलेला पुरावा महाराष्ट्रातलाच आहे. 1971 साली जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी सांगलीजवळच्या कुपवाडचा अभ्यास छापला. तेव्हा ते सुमारे 3,000 वस्तीचं गाव होतं. आज सांगली-मिरज महापालिकेच्या नावात तिसरं म्हणून आहे. तिथे जैन आणि लिंगायत कन्नड बोलत, मुसलमान उर्दू, दलित मराठी, आणि जवळजवळ प्रत्येक पुरुषाला दुसरी भाषा येत असे. शतकानुशतकं असं चालल्यावर तिथल्या कन्नड, मराठी आणि उर्दू वाक्यांची घडण इतकी एक झाली होती की एका भाषेतले शब्द काढून त्या त्या जागी दुसरीचे ठेवले की वाक्य तयार. माणसांखेरीज सगळ्यांना एकाच लिंगात कोंबायची कन्नड रीत तिथल्या मराठी-उर्दूत शिरली होती. कन्नडही कोरडी राहिली नव्हती. जिथे प्रमाण कन्नड 'हे माझं घर' एवढ्यावर थांबते, तिथे कुपवाडची कन्नड मराठीसारखं 'आहे' घालत होती. शब्द आणि प्रत्यय मात्र प्रत्येकाने आपापलेच ठेवले. ज्याच्या त्याच्या घराची ओळख त्यातच होती. कर्नाटकातल्या कोंकणीची वाक्यं कन्नडच्या साच्यात कशी वळली हे मंगेश नाडकर्णी यांनी 1975 साली दाखवलं, तीही याच जातीची गोष्ट.

क्रियापदात हे पाहायचं तर नकार बघावा. 'मी गेलो नाही' यात मराठी भूतकाळाचं रूप जसंच्या तसं ठेवते आणि वर 'नाही' लावते. कोंकणी म्हणते 'हांव वचूंक ना'. कन्नड म्हणते 'नानु होगलिल्ल'. 'वचूंक' म्हणजे जायला, 'होगलु' म्हणजेही जायला. पुढे 'ना' आणि 'इल्ल'. दोघींच्या नकारात मूळ क्रियापद थिजून जातं. आणि आता इंग्रजी बघा: 'आय डिड नॉट गो'. 'वेंट' गायब, 'गो' थिजलेला, काळाचं ओझं 'डिड'च्या डोक्यावर. हे 'डू' प्रकरण इंग्रजीत स्टीफन्सच्या काळात नुकतं जम बसवत होतं. शेक्सपियरच्या पिढीला 'आय नो नॉट' आणि 'आय डू नॉट नो' दोन्ही चालत. मराठी मुलगा 'आय डिड नॉट वेंट' लिहितो तेव्हा तो मराठीचाच न्याय लावत असतो: गेलो नाही. अणशीच्या कोंकणी-कन्नड पोराला खरं तर हा धडा सोपा जायला हवा, त्याच्या दोन्ही भाषांत तो आधीच आहे. 'वचूंक ना'वरून 'डिड नॉट गो' शिकवणारं पाठ्यपुस्तक मात्र मी पाहिलेलं नाही.

नकाराच्या बाबतीत आपला प्रदेश श्रीमंतच म्हणायचा. जुन्या कन्नडमध्ये नकाराचं स्वतंत्र रूपच चालायचं: 'माडेनु' म्हणजे मी करत नाही, केलं नाही, करणार नाही, तिन्ही एकदम. उत्तर कर्नाटकात नको म्हणताना 'ओल्ले' म्हणतात, ते त्याच घराण्यातलं. कोंकणीत 'तो खायना, ते खायनात'. मराठीत नाही, नाहीस, नाहीत, नव्हतो, नसेल, नये, नको, नका, आणि 'पाऊस थांबेना'तला तो हट्टी 'ना'. हिंदीवाल्याला 'नहीं', 'न' आणि 'मत' एवढ्यावर जे निभावता येतं, त्यासाठी आपण एवढं भांडार बाळगतो. द्राविडी शेजाराशी याचा संबंध अनेक अभ्यासकांनी जोडला आहे.

इंग्रजीचं हरवलेलं ओझं गेलं कुठे, याचं उत्तर 'डिड'मध्ये अर्धं मिळालंच आहे. ते क्रियापदाच्या मागून उठून पुढे जाऊन बसलं. 'वाघ येऊन गेला असावा' हे इंग्रजीत सांगायचं तर 'मस्ट हॅव बिन हिअर'. एकही प्रत्यय नवा नाही, फक्त छोट्या शब्दांची आगगाडी, आणि डब्यांचा क्रम एक इंच इकडेतिकडे चालत नाही. कर्ता कोण हे प्रत्यय सांगत नाही म्हणून कर्ता वगळता येत नाही. मराठीत 'आलो' म्हटलं की संपलं, इंग्रजीत 'केम' म्हटलं की समोरचा विचारतो, कोण? कुणी कुणाला खाल्लं हे शब्दांची जागा सांगते, म्हणून वाघ आणि गाय यांची अदलाबदल करता येत नाही. त्याशिवाय 'केम' आणि 'हॅज कम' यांतली बारीक निवड, 'आय नो'ला 'नोइंग' का चालत नाही ही आडकाठी, आणि 'गिव्ह'पुढे अप, इन, आउट लावून होणारी वेगवेगळी क्रियापदं. हे सगळं रूपांच्या तक्त्यात दिसत नाही. तक्ता छोटा म्हणून भाषा सोपी, हा हिशेब त्यामुळे फसतो.

आपण मात्र शिकवतो तक्ताच. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पोसलेल्या पिढ्यांपासून आजच्या शिकवणीवर्गापर्यंत 'बारा काळ' भिंतीवर टांगलेले असतात. साधा, चालू, पूर्ण, चालू-पूर्ण, गुणिले तीन. रूपाच्या हिशेबाने इंग्रजीत काळ दोनच: भूत आणि बिगर-भूत. भविष्यासाठी तिच्याकडे प्रत्यय नाही, 'विल' आहे, जो एकेकाळी 'इच्छा आहे' एवढंच म्हणायचा. 'जाईन, जाशील, जाईल' म्हणणाऱ्या मुलाला बारा खणांचं कपाट दाखवून आपण त्याला चुकीची भीती घालतो आणि खरी अडचण लपवतो. ती अडचण खणांत नसते, कुठला खण कधी उघडायचा यात असते. तो 'आलाय' आणि 'आला' यांतला फरक जाणतो. तिथून सुरुवात केली तर निम्मी वाट सरते. पण 'आलाय' शाळेच्या पुस्तकी मराठीत बसत नाही, म्हणून त्याला दाराबाहेर उभं केलं जातं.

राहता राहिली पाठांतराची यादी: गो-वेंट-गॉन. इथे बऱ्याच भाषा एकाच वाटेने जातात, आणि ती वाट आपल्या कोंकणीत सगळ्यांत स्पष्ट दिसते. 'वचप' हे क्रियापद, वर्तमानात 'वतां', भूतकाळात 'गेलों'. दोन वेगळ्या धातूंचं लग्न. मराठीत 'जा' आणि 'गेला', तेच. इंग्रजीत 'वेंट' हा मुळात 'वेंड' या दुसऱ्या क्रियापदाचा भूतकाळ, 'गो'ने दत्तक घेतलेला. रोज शंभरदा तोंडात येणारी क्रियापदं वेडीवाकडी राहू शकतात, कारण त्यांना विसरायला कुणाला सवडच मिळत नाही. कधीमधी येणारी सरळ होतात. 2007 साली एरेझ लीबरमन आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये याचं गणित मांडलं. जुन्या इंग्रजीतली 177 अनियमित क्रियापदं त्यांनी घेतली. मध्ययुगीन इंग्रजीत त्यातली 145 अनियमित उरली, आज 98. 'हेल्प'चा भूतकाळ 'होल्प' होता, तो 'हेल्प्ड' झाला. शंभरपट कमी वापरलं जाणारं क्रियापद दहापट लवकर सरळ होतं, असं सूत्र निघालं. पुढचा नंबर त्यांनी 'वेड' या लग्नाच्या क्रियापदाचा वर्तवला. उलटाही प्रवास होतो. 'स्नीक'चा चांगला नियमित 'स्नीक्ड' होता, अमेरिकेत त्याचा 'स्नक' झाला, तोही हल्लीच.

मराठीतही केला, मेला, आला, गेला, झाला, दिला, प्याला ही मंडळी वापराच्या जोरावर वाकडी राहिली आहेत. लहान मूल 'करलं' म्हणून बघतं आणि मोठी माणसं त्याला 'केलं'वर आणून सोडतात. 'पिणे' मात्र या घडीला हलतं आहे. 'मी पाणी प्यालो' आता पुस्तकात उरलं, घरात 'प्यायलो' आहे, आणि 'पिलो' म्हणणाऱ्यांची संख्या वाढते आहे. शिक्षक ते खोडतात. 'पाणी पिलं' म्हणणाऱ्याने तर दुहेरी डाव टाकलेला असतो: रूप नवं केलं, आणि जे क्रियापद आजवर कर्त्याच्या मागे चालत होतं त्याला पाण्याच्या मागे नेऊन उभं केलं.